चार टायर आणि अर्धं तिकीट

टायरच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न असतो, गाडी कुठली? मी सांगते, लिनिआ टी-जेट. इथे माणसांचे दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार म्हणतो, "ती बंद झाली ना हो?" दुसरा प्रकार काउंटरमागून उठून गाडी बघायला बाहेर येतो. दुसरा प्रश्न मात्र दोन्ही प्रकारांचा सारखाच असतो. "मिस्टर आलेत का बरोबर?"

मिस्टर नाहीत. गाडी माझी आहे, टायर मला घ्यायचेत आणि मला साईज पाठ आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ही गाडी नीट पाहिलीही नसेल, म्हणून थोडक्यात ओळख. फियाटची ही सेडान पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात बनायची. टी-जेट हे तिच्या टर्बो पेट्रोल इंजिनाचं नाव. १३६८ सीसी, ११४ पीएस, २०७ न्यूटन मीटर टॉर्क, चारही चाकांना डिस्क ब्रेक. २०१० मध्ये ती आली तेव्हा तेवढ्या पैशांत टर्बो पेट्रोल मिळणं हीच मोठी गोष्ट होती. आज हजार सीसीच्या गाड्याही एवढी ताकद देतात, तेव्हा कागदावर तिचं काही कौतुक उरलेलं नाही. पण बावीसशे आरपीएमला टर्बो जागा होतो आणि गाडी जे पुढे झेपावते, त्याचं कौतुक अजून आहे. माझी गाडी २०११ ची. २०१७ मध्ये मी ती सेकंडहँड घेतली, नोकरीला लागून तीन वर्षं झाल्यावर, स्वतःच्या पैशांनी. पुढे बीएस-६ चे नियम आले तोवर फियाटचं नाव आपल्याकडच्या शोरूममधून पुसलं गेलं होतं. रांजणगावात आता जीप बनतात.

तर २०२५ च्या मे महिन्यात या चौदा वर्षांच्या गाडीला टायर घ्यायचे होते. खरं सांगायचं तर घ्यायचे की नाही, हाच प्रश्न होता. मी ज्याला विचारलं तो म्हणाला, "अजून एक पावसाळा निघेल."

•

टायरची बाजू वाचता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एकदा वाचायला शिकलात की पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांचे टायर वाचत सुटाल.

माझ्या टायरवर लिहिलंय २०५/५५ आर १६ ९१व्ही. २०५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची या रुंदीच्या ५५ टक्के, साधारण ११३ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १६ हा रिमचा व्यास, तोही इंचांत. ९१ हा वजनाचा कोड, एका टायरवर ६१५ किलोपर्यंत भार. व्ही हा वेगाचा कोड, ताशी २४० किलोमीटरपर्यंत. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे सगळे गुण्यागोविंदाने नांदतात.

पण सगळ्यात महत्त्वाचा आकडा दुसरीकडे असतो, डॉट या अक्षरांनंतर येणाऱ्या कोडच्या शेवटी. चार अंकी. माझ्या टायरवर होता ३४१९. म्हणजे २०१९ सालच्या ३४ व्या आठवड्यात बनलेला टायर. भाजीवाल्याकडे मेथीची जुडी उलटसुलट करून बघणारी माणसं दहा हजारांचा टायर घेताना हा आकडा बघत नाहीत. रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं. हवा, ऊन, उष्णता यांनी ते कडक होत जातं आणि कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही.

मग खोली. टायरच्या खाचांच्या तळाशी मधूनमधून बारीक उंचवटे असतात. टायर झिजत झिजत त्या उंचवट्यांना आला की १.६ मिलिमीटर उरलं असं समजायचं आणि कारसाठी आपल्याकडची कायदेशीर मर्यादाही तेवढीच आहे. नवीन टायरला साधारण ८ मिलिमीटर असतं. मी दीडशे रुपयांचा गेज आणून मोजलं. पुढे २.६, मागे ४.१. पुढची चाकं जास्त झिजणार हे उघडच होतं. माझी गाडी पुढच्या चाकांवर चालते. तीच ओढतात, तीच वळतात आणि ब्रेक दाबला की जास्तीचा भारही त्यांच्यावरच येतो.

म्हणजे कायद्याने चारही टायर चालत होते. आरटीओवाल्यांनी अडवलं नसतं, इन्शुरन्सवाल्यांना काही म्हणता आलं नसतं. शहरातल्या शहरात गाडी फिरवायची असती तर मीही "निघेल एक पावसाळा" म्हटलं असतं.

•

पण मला महिन्यातून एकदा ताम्हिणी घाट उतरायचा आणि चढायचा होता.

बाबा महाडला असतात. एकतीस वर्षं त्यांनी महाड डेपोतून एसटी चालवली. आता ते ७१ वर्षांचे आहेत, मधुमेह आहे आणि त्यातून डोळ्याच्या पडद्याला सूज आली आहे. फेब्रुवारीपासून पुण्यात दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन सुरू झालं. वेळच्या वेळी घेतलं तर असलेली नजर टिकते, कधी थोडी सुधारतेही. तारखा चुकवत गेलं तर झालेलं नुकसान पुढे भरून येईलच असं नाही. डॉक्टरांनी एवढंच बजावलं होतं. "पाऊस आहे, घाट आहे, असं सांगू नका. तारीख म्हणजे तारीख."

महाडहून पुण्याला यायला एरवी वरंध घाट आहे, भोरवरून. पावसाळ्यात तो वरचेवर बंद ठेवतात. मग उरतो माणगावमार्गे ताम्हिणी. जून ते सप्टेंबर तिथे काय पाऊस असतो हे रीलवर धबधबे बघणाऱ्यांना ठाऊक असेलच. रीलमध्ये रस्ता दिसत नाही. डोंगरातून सुटलेलं पाणी वळणावर आडवं वाहत असतं, समोर धुकं असतं आणि त्या धुक्यात मधेच कुणीतरी धबधब्यासमोर गाडी थांबवून उतरलेलं असतं.

आमच्या दादाचं मत सरळ होतं. तो मस्कतला असतो आणि त्याची मतं शुक्रवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर येतात. "गाडी विकून टाक. चौदा वर्षं झाली. महिन्यातून एकदा टॅक्सी कर, मी पैसे पाठवतो. नाहीतर एसटीने ये जा करा. बाबांना आवडतंच एसटी."

एसटीचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. ६५ च्या पुढच्या ज्येष्ठांना एसटीत निम्मं भाडं आणि मार्च २०२३ पासून बायकांनाही निम्मं. म्हणजे आम्हा दोघांचं मिळून एक तिकीट. बाबांना हा हिशेब फार आवडतो. पण इंजेक्शननंतर डोळ्यांपुढे धूसर असतं, खुपत असतं, पाणी येत असतं. अशा माणसाला स्वारगेटच्या गर्दीतून घेऊन जायचं आणि मग चार-पाच तास बसमध्ये बसवायचं, हे मला जमत नव्हतं.

टॅक्सीचा हिशेब मी कागदावर केला. एका बाजूचे चार हजार. आणायला आणि पोचवायला मिळून आठ, वर रिकाम्या फेरीचं काय ते. माझी गाडी विकायला काढली तर एका डीलरने १ लाख ६० हजार सांगितले होते. मला हवे असलेले चार टायर होते ४३ हजार २०० चे. गाडीच्या किमतीच्या पाव भागाहून जास्त पैसे तिच्या चपलांवर, असं दादा म्हणाला. पण पाच वर्षं टिकतील असं धरलं तर महिन्याला ७२० रुपये होतात. पेट्रोल आणि सर्व्हिसिंग मिळवलं की टॅक्सीपेक्षा फार स्वस्त पडत नाही, हेही खरं. पैशांच्या बाजूने मी जेमतेम जिंकत होते.

जिंकवलं दुसऱ्याच गोष्टीने. टॅक्सी दारात येते तेव्हा आपण ड्रायव्हरचं रेटिंग बघतो, गाडीचा नंबर जुळवतो, एसी लावायला सांगतो. तिच्या टायरवरचा डॉट कोड कोण बघतं? माझ्या गाडीत बाबा कुठल्या टायरवर बसले आहेत हे मला माहीत असतं.

आणि गाडी मला आवडते. हेही हिशेबात लिहायला हवं, नाहीतर बाकीचे आकडे खोटे वाटतील.

अडचण आणखी एक होती. २०२६ मध्ये गाडीला पंधरा वर्षं होणार. मग पुन्हा नोंदणी, फिटनेस तपासणी, पाच हजार रुपये फी, वर ग्रीन टॅक्स. हे सगळं पार पडलं की नोंदणी पाच वर्षांनी वाढते. टायरचं आयुष्यही साधारण तेवढंच. त्यामुळे टायर घ्यायचे म्हणजे गाडी २०३० पर्यंत ठेवायची, हे आधी ठरवावं लागणार होतं. बाजारात काही वस्तू अशा असतात की त्या घेताना आपण दुसराच काहीतरी निर्णय घेत असतो.

•

मेच्या पहिल्या आठवड्यात महाडला गेले तेव्हा बाबा अंगणात गाडीपाशी उकिडवे बसले. त्यांना टायर नीट दिसत नव्हता. त्यांनी तळहात टायरवर ठेवला आणि आडवा फिरवला, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत.

"इकडून गुळगुळीत लागतं. उलटा हात फिरवला की करवत," ते म्हणाले. "चाकं फाकलीयत, बाय. आतली कड बघ."

मी मोबाईलचा टॉर्च लावून खाली वाकले. आतली कड खरंच जास्त खाल्ली गेली होती. पुढची चाकं समोरच्या बाजूने किंचित बाहेर वळलेली असली की टायर सरळ फिरत नाही, थोडा फरफटत जातो आणि रबराला अशी एका दिशेची करवत येते. पुण्यात अलाइनमेंटच्या मशीनवर चढवली तेव्हा तेच निघालं. त्याचं मूळ होतं खालच्या आर्मच्या झिजलेल्या बुशमध्ये. नवे टायर घालण्याआधी बुश बदलणं भाग होतं, नाहीतर नव्या टायरचीही वर्षभरात तीच गत झाली असती. लक्षात ठेवा, जुना टायर फेकण्याआधी त्याच्याकडून गाडीची तब्येत विचारून घ्यायची. पूर्ण मध्यभाग झिजलेला असेल तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शन.

मग बाबांनी विचारलं, "दोन घेणार की चार?"

मागचे ४.१ मिलिमीटर होते. दोन घेतले तर साडेएकवीस हजार वाचत होते. मी म्हटलं, "दोनच घेतले तर नवे मागे टाकावे लागतील."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी स्टिअरिंग डिकीत बसवायचं म्हणाले. "पुढे नवा, मागे रिमोल्ड. एकतीस वर्षं हेच केलं आम्ही."

एसटीचे स्वतःचे टायर रिमोल्ड करायचे कारखाने आहेत. झिजलेल्या टायरवर नवा पट्टा चढवून तो पुन्हा वापरतात. बाबांच्या म्हणण्याला पक्का आधार होता. बसच्या पुढच्या एक्सलला एका बाजूला एकच टायर. तो फुटला तर स्टिअरिंग हातातून जातं. मागे एका बाजूला दोन-दोन. एक बसला तरी दुसरा धरून ठेवतो. म्हणून उत्तम टायर पुढे.

माझ्या म्हणण्यालाही आधार होता. कारचं पावसातलं गणित निराळं आहे. रस्त्यावर पाणी साचलं की टायरच्या खाचा ते बाजूला ढकलतात. खाचा उथळ असतील तर पाणी बाजूला होत नाही, टायर पाण्यावर तरंगायला लागतो. पुढचे टायर आधी तरंगले तर गाडी वळत नाही, सरळ जायला बघते. ते कळतं, हातात हलकं लागतं, पाय अलगद उचलला की वेग उतरतो आणि पकड परत येते. मागचे आधी तरंगले तर पुढचे वळलेले असतात आणि मागचा भाग बाहेर फिरतो. ते कळेपर्यंत गाडीचं तोंड दरीकडे किंवा डोंगराकडे झालेलं असतं. म्हणून टायर कंपन्या सांगतात की दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी.

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. हात अजून टायरवर होता.

"बसला मागे चार चाकं," ते म्हणाले. "हिला मागे दोनच."

"हो."

"मग पुढच्यावरही विश्वास पाहिजे आणि मागच्यावरही. अर्ध्यात सोडायचं काम नाही हे. चारही घे." मग जरा थांबून, "पैसे कमी पडत असतील तर सांग."

पैसे होते. दिवाळीपासून नव्या फोनसाठी बाजूला ठेवत होते. हा लेख मी जुन्याच फोनवर लिहिते आहे.

•

चार घ्यायचे ठरलं. मग प्रश्न आला, कुठले?

२०५/५५ आर १६ ही जगात फार वापरली जाणारी साईज आहे. स्कोडा ऑक्टाव्हिया, फोक्सवॅगन जेटा, अशा कितीतरी गाड्यांना हीच लागते. म्हणजे माझी गाडी बंद पडलेली असली तरी तिच्या पायांची साईज चालू आहे. जुन्या, जरा वेगळ्या गाड्या बाळगणाऱ्यांना हे किती मोठं सुख आहे ते विचारा. काहींना हवी ती साईज मिळत नाही म्हणून रिम बदलावे लागतात.

ऑफिसमधला एक मित्र गाड्यांचा वेडा आहे. त्याचं म्हणणं, टी-जेटला साधे टायर घालणं म्हणजे पैठणीवर स्वेटर घालणं. त्याने मिशेलिनचे पायलट स्पोर्ट ४ सुचवले. एका दुकानदाराने सतरा इंची रिम दाखवले, वर कमी उंचीचे टायर. "मॅडम, लूक बदलून जाईल." लूक बदलला असता हे खरं. पण बाजूची भिंत जितकी बुटकी तितकं खड्ड्याचं कोपर थेट रिमवर. आत्ताच्या ११३ मिलिमीटरच्या भिंतीलासुद्धा सिंहगड रोडने एकदा फुगा आणला आहे.

दुसऱ्या दुकानात "इम्पोर्टेड, एकदम प्रीमियम" असे चार टायर चांगल्या सवलतीत होते. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हापासून 'इम्पोर्टेड' या शब्दाचा भाव वाढला आहे. मी वाकून डॉट कोड वाचला. २०२१. चार वर्षं गोडाऊनमध्ये झोपलेला टायर. "वापरलेला नाही हो मॅडम, कोरा आहे," दुकानदार म्हणाला. कोरा होता, पण ताजा नव्हता.

तिसऱ्या दुकानातल्या काकांनी मिस्टरांबद्दल विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "गाडी जास्त कुठे असते?"

हा खरा प्रश्न. सगळ्या बाबतींत उत्तम असा टायर नसतो. रबर रस्त्याच्या खरखरीत दाबलं जातं, पुन्हा मूळ आकारात येतं आणि या येण्याजाण्यात थोडी ऊर्जा खातं. ही ऊर्जा खाण्याची खोड म्हणजेच पकड. पण तीच खोड सरळ रस्त्यावर पेट्रोल खाते. मऊ रबर चांगलं धरतं आणि लवकर झिजतं. कडक रबर खूप चालतं आणि ओल्या रस्त्यावर दगा देऊ शकतं. म्हणजे पकड, आयुष्य आणि मायलेज यांची ओढाताण. १९९२ मध्ये मिशेलिनने रबरात सिलिका वापरून कमी पेट्रोल खाणारा टायर आणला आणि ओल्या रस्त्यावरची पकड फारशी न गमावता मायलेज मिळवता येतं हे दाखवलं. त्यानंतर ही ओढाताण सैल झाली, पण संपली नाही.

टायरवर ट्रेडवेअर नावाचा एक आकडा असतो. साधारण २०० ते ३०० च्या आसपास असेल तर स्पोर्टी, पकडीकडे झुकलेला. ४०० च्या पुढे असेल तर टिकाऊपणाकडे. त्याच ओळीत ट्रॅक्शन म्हणून डबल ए, ए, बी, सी अशी श्रेणी असते. ती ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावण्यापुरती, वळणाबद्दल ती काही सांगत नाही. ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतःच्या चाचणीवरून ठरवते. त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची भांडणं लावण्यात अर्थ नाही. एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये निवडायला मात्र तो कामाचा आहे.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मी गाडीतल्या डायरीवरून दिलं. मी पेट्रोलची नोंद ठेवते. वर्षाला आठ-साडेआठ हजार किलोमीटर. त्यातले निम्म्याहून जास्त शहरात, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. उरलेले बहुतेक घाट आणि कोकण, त्यातही या वर्षी पावसातले जास्त. टर्बो पूर्ण जागा होईल अशा वेगाने गाडी हाकलण्याचे प्रसंग महिन्यातून दोन, फार तर तीन. तेही मिनिटभराचे.

"मग पळण्यासाठी कशाला घेता?" काका म्हणाले. "थांबण्यासाठी घ्या."

वेगवान गाडी घेणाऱ्याला ही गोष्ट जरा लागते, पण विज्ञान काकांच्या बाजूने आहे. ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. साठच्या वेगाला जेवढं अंतर, त्याच्या पावणेदोन पटीहून थोडं जास्त ऐंशीला. डिस्क ब्रेक, एबीएस, सगळं मान्य. पण ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडीला थांबवतो तो टायर आणि तोही रस्त्याला टेकलेल्या तळहाताएवढ्या तुकड्याने. चार चाकांचे चार तळहात. इंजिनाचे ११४ घोडे काय किंवा २१४ काय, बोलणी सगळी त्या चार तळहातांमार्फतच.

पायलट स्पोर्टची ओल्यातली पकडही उत्तम आहे, हे मला माहीत होतं. पण मला सांगितलेला भाव होता एकाला १३ हजार ६००. तो लवकर झिजणार आणि झिजल्यावर मी पुन्हा "निघेल एक पावसाळा" म्हणायला लागणार. स्वतःला मी तेवढी ओळखते. परवडणारा टायर वेळेवर बदलला जातो, महागडा शेवटपर्यंत ताणला जातो. म्हणून त्याच कंपनीचा प्रायमसी घेतला. तो पावसात धरणारा, शांत, जरा टिकाऊ आहे. एकाला १० हजार ८००. वेगाचा कोड व्ही च्या खाली येऊ दिला नाही. २४० ने मी कधीच जाणार नाही, पण गाडी बनवणाऱ्याने ठरवलेल्या कोडमागे टायरची ताकद आणि उष्णता सोसण्याची क्षमताही असते. त्यात काटकसर नको.

तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होता. सप्टेंबरात तो १८ वर आला. पण तोवर पाऊस काही थांबला नसता. उलट त्या वर्षी २६ मेलाच मान्सून मुंबईत दाखल झाला.

निघताना काकांना दोन गोष्टी सांगितल्या. पुढचे दोन जुने टायर कापून टाका, कुणाला विकू नका. आणि नायट्रोजन नको, साधी हवा चालेल, प्रेशर दाराच्या स्टिकरवर आहे तेवढंच.

"मिस्टर गाडीतलं बघत नाहीत वाटतं," काकांचा पोरगा म्हणाला. काकांनी त्याला व्हॉल्व आणायला आत पाठवलं.

•

जूनचं इंजेक्शन झालं. तिसऱ्या दिवशी बाबांना पोचवायला निघाले. मुळशी सोडलं आणि पाऊस असा आला की वायपर नुसतेच हात हलवत होते. बाबा शेजारी काळा चष्मा लावून बसले होते. त्यांना रस्ता फारसा दिसत नव्हता, म्हणून ते ऐकत होते. एकतीस वर्षं चालवलेल्या माणसाला सीटमधून, पायांखालून, काचेवरच्या पाण्यातून रस्ता कळत असतो.

"आवाज बदलला," ते म्हणाले. "आधी घरघर होती."

ताम्हिणी उतरताना एका वळणावर पाणी आडवं वाहत होतं आणि वळणापलीकडे, धुक्यात, एक टेम्पो उभा होता. दिवे बंद, माणसं खाली उतरलेली. वेग चाळीसच्या आत होता. मी ब्रेक दाबला. पायाखाली एबीएसची एकदाच थरथर झाली आणि गाडी थांबली. टेम्पोच्या बऱ्याच अलीकडे. सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. रील करायची तर तीन सेकंदांचीही झाली नसती.

जुन्या टायरवर काय झालं असतं हे मला सांगता येणार नाही. कदाचित तीही थांबलीच असती. चांगल्या टायरची हीच पंचाईत आहे. त्याने काय केलं ते कधीच दिसत नाही, पैसे गेलेले मात्र दिसतात.

बाबांनी डॅशबोर्डवर ठेवलेला हात काढून मांडीवर घेतला. "थांबली नीट," म्हणाले. त्यांच्या तोंडी ही शाबासकी आहे. माझ्यासाठी की गाडीसाठी, ते विचारलं नाही.

आता निघायच्या आदल्या संध्याकाळी महाडहून फोन येतो. जेवलीस का वगैरे नंतर, पहिला प्रश्न, "हवा बघितलीस?" मी बघितलेली असते. चाकं थंड असताना, चारही, आणि स्टेपनीची पाचवी. गेज ग्लोव्ह बॉक्समध्ये असतो.

नव्या टायरवर डॉट कोड आहे १०२५. म्हणजे यांचा हिशेब २०३० पर्यंत. तेव्हा ही गाडी एकोणीस वर्षांची असेल आणि रांजणगावची टी-जेट म्हटल्यावर उठून बाहेर येणारी माणसं बहुधा आणखी कमी झालेली असतील. बाबा ७६ चे असतील. ७५ नंतर एसटीत तिकीटच नाही, पूर्ण मोफत. त्यांनी हे मला आत्ताच दोनदा सांगून ठेवलं आहे.

माझं मात्र तेव्हाही अर्धंच असेल. म्हणून गाडी ठेवली आहे.